बिनटाक्याचे ऑपरेशन आणि सहाव्या आठवड्याचा चष्मा

दसरा-दिवाळीचा सुमार आला की पाथर्डी तालुक्यातील वाड्या-वस्त्यांवर ट्रक-ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता, भांडीकुंडी आणि तान्ही लेकरे गाडीत घालून साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. पुढचे पाच-सहा महिने घरी उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेतली नातवंडे. चूल म्हातारीने पेटवायची, पाणी तिनेच भरायचे, पोरांना वेळेवर शाळेत तिनेच धाडायचे. आता या म्हातारीच्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असेल, तर ते घर कोणाच्या डोळ्यांनी चालते? बहुतेक घरी ते नातीच्या डोळ्यांनी चालते. दहा-अकरा वर्षांची पोर आजीचा हात धरून परसाकडे नेते, भाकरी करपू नये म्हणून चुलीपुढे बसते, आणि शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढच्या रकान्यात गैरहजेरी वाढत जाते. नजर आजीची जाते आणि शाळा नातीची सुटते.

अशा घरांत आजीच्या डोळ्यांचा विषय निघाला की बोलणे एका प्रश्नापाशी येऊन अडते. ऑपरेशन मशीनचे करायचे की शिबिराचे? शहरातल्या खाजगी दवाखान्यात मशीनच्या ऑपरेशनला वीस-पंचवीस हजार, लेन्स भारीतली घेतली तर त्याहून जास्त सांगतात. शिबिरातले फुकट. मग जाणता म्हणवणारा कोणीतरी सांगतो, "फुकटचे ते जुन्या पद्धतीचे, गरिबासाठी काढलेले. डोळा बिघडला तर कोण विचारणार?" झाले! मुलगा म्हणतो, पुढच्या हंगामाची उचल आली की आईचे मशीनचे करू. उचल येते ती जुनी बाकी, लग्न, आजारपण यांत जाते. आई ओट्यावर बसून राहते. एक हंगाम जातो, दुसरा जातो.

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. ज्यांना आजवर सगळीकडे दुय्यम वस्तूच वाट्याला आली, त्यांनी डोळ्याच्या बाबतीत शंका घ्यायची नाही तर कोणी घ्यायची? पण या शंकेचे उत्तर शोधून ठेवलेले आहे, आणि ते लंडन-अमेरिकेत नव्हे तर आपल्या पुण्यात शोधले गेले, हे मात्र आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी मोतीबिंदू म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. बुबुळाच्या मागे मसुराच्या आकाराचे एक पारदर्शक भिंग असते. त्याला नेत्रमणी म्हणतात. वय वाढते तसा हा मणी गढूळ होतो. स्वच्छ काचेवर दूध सांडावे तसे दिसू लागते. हा वर आलेला पडदा नव्हे, आणि कोणत्याही थेंबांनी तो विरघळत नाही. झाडपाल्याचा रस, मध, कांद्याचे पाणी घालून बरा झाल्याचे सांगणारे भेटतात. त्यांच्या सांगण्यावर डोळा पणाला लावू नये. गढूळ मणी काढून त्या जागी नवे भिंग बसवणे हा एकच उपाय आजही आहे.

तो आपल्याच लोकांत लवकर का येतो, याचाही शोध संशोधकांनी घेतला आहे. १९८४ साली रायपूर भागातला एक अभ्यास 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. मिनाशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णांना विचारले, की आयुष्यात कधी जीव जाईल असे जुलाब किंवा उष्माघात झाला होता का? ज्यांच्या अंगातले पाणी असे एकदम आटले होते, त्यांच्यात मोतीबिंदू जास्त आढळला. वाचताना आम्हांला बाहत्तरचा दुष्काळ आठवला. रोजगार हमीच्या कामावर भर उन्हात खडी फोडणाऱ्या बाया, टँकरचे गढूळ पाणी, पोटाचे आजार हे सारे या भागातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. पण खरे तेच सांगायचे तर बांगलादेशात आणि दक्षिण भारतात नंतर झालेल्या अभ्यासांत हा संबंध दिसला नाही, त्यामुळे तो सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. चुलीच्या धुराचा पुरावा अधिक भरीव आहे. २००५ साली नेपाळ-भारत सीमेवरच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धुराडे नसलेल्या चुलीवर लाकूड-गोवऱ्या जाळणाऱ्या स्त्रियांत मोतीबिंदूचा धोका जवळपास दुप्पट निघाला. उन्हाचा पुरावाही आहे. अमेरिकेच्या चेसापीक खाडीतल्या ८३८ मासेमारांचा अभ्यास १९८८ साली छापला गेला. उन्हातल्या अतिनील किरणांचा भार दुप्पट झाला की एका प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका ६० टक्क्यांनी वाढत होता. त्यांतले जे कडेची टोपी घालीत त्यांचे डोळे त्या मानाने वाचत. ऊसतोडीला जाणाऱ्या बाई-गड्याने डोक्याला नुसता पंचा गुंडाळण्यापेक्षा कपाळावर सावली पडेल असे काही घालावे, एवढे तरी यातून घेता येईल.

आता ऑपरेशनाकडे वळू. आपल्या आजोबांच्या पिढीत अख्खा मणी बाहेर काढीत आणि त्या जागी काहीच बसवीत नसत. जखम मोठी असे, टाके असत, कित्येक दिवस डोके न हलवता पडून राहावे लागे. नंतर मिळे तो बाटलीच्या बुडासारखा जाड, दहा नंबरचा चष्मा. त्यातून सगळे मोठे आणि जवळ दिसे. चहा ओतावा तो कपाच्या बाहेर! आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळे. शिबिराच्या ऑपरेशनाची जी बदनामी अजून कानावर येते, ती बरीचशी त्या काळातली आहे.

डोळ्यात नवे भिंग बसवण्याची कल्पना कशी सुचली, ही गोष्ट घरातल्या मुलांना सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज वैमानिकांच्या विमानाची पारदर्शक छपरे फुटून त्यांचे कण डोळ्यात घुसत. हॅरॉल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांच्या ध्यानात आले, की काच घुसलेला डोळा सुजतो, सडतो. पण या छपराचे कण डोळ्यात वर्षानुवर्षे गुपचूप पडून राहतात. ते छप्पर पर्स्पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचे होते. पुढे एका विद्यार्थ्याने मोतीबिंदूचे ऑपरेशन पाहताना त्यांना भाबडेपणाने विचारले, "काढलेल्या मण्याच्या जागी दुसरा का बसवत नाही?" २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी त्याच प्लॅस्टिकचे भिंग डोळ्यात बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढले. बाहेरची वस्तू डोळ्यात ठेवणे म्हणजे पाप, असाच तो सूर होता. आज जगात कोट्यवधी डोळ्यांत असे भिंग आहे. आपल्या देशात मात्र ते बरीच वर्षे श्रीमंताचेच राहिले, कारण परदेशी लेन्सची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ऑरोलॅब नावाचा स्वतःचा कारखाना काढून लेन्स इथेच बनवायला सुरुवात केली आणि किंमत झपाट्याने खाली आली. १९९४ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मोतीबिंदू निर्मूलनाचा प्रकल्प सात राज्यांत सुरू झाला. त्यांत महाराष्ट्र होता. तेव्हापासून शिबिरातल्या रुग्णाच्या डोळ्यातही लेन्स बसू लागली.

लेन्स आली, तरी जखम मोठीच होती. दहा-बारा मिलिमीटर, आणि टाके. इथून दोन वाटा फुटल्या. एक मशीनची. अमेरिकेच्या डॉ. चार्ल्स केलमन यांना दाताच्या डॉक्टरकडे बसले असताना दात साफ करण्याचे कंप पावणारे यंत्र पाहून ही युक्ती सुचली, आणि १९६७ साली त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. तीनेक मिलिमीटरच्या छेदातून बारीक नळी आत घालायची, ध्वनिलहरींच्या कंपाने मणी फोडायचा आणि शोषून घ्यायचा. याला फेको म्हणतात. (लोक सर्रास 'लेझर' म्हणतात. ते लेझर नव्हे. लेझरच्या नावाने कोणी जादा पैसे मागत असेल तर नक्की काय करणार ते विचारावे.) दुसरी वाट हाताची. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरपा बोगदा करायचा आणि त्यातून मणी अख्खा सरकवून बाहेर घ्यायचा. बोगदा तिरपा असल्याने डोळ्याच्या आतल्या दाबानेच तो बंद होतो. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आतल्या हवेने बसतो, तसा. म्हणून टाका लागत नाही. आज शिबिरातून नेलेल्या रुग्णांचे ऑपरेशन मोठ्या प्रमाणावर या पद्धतीने होते. 'बिनटाक्याचे' म्हणतात ते हे.

या वाटांपैकी गरिबाच्या डोळ्याला कोणती चांगली? पुण्यातील पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातील डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न नुसत्या मतांवर सोडला नाही. लंडनचे डॉ. रिचर्ड वर्मल्ड यांची साथ घेऊन त्यांनी तो मोजला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसा प्रकार होता. कोणाला कोणते ऑपरेशन मिळणार हे डॉक्टरच्या मर्जीवर नाही, रुग्णाच्या पैशावर नाही, ओळखीवर तर नाहीच नाही. असे का? डॉक्टरने निवडले तर सोपे डोळे आवडत्या पद्धतीला जातील आणि अवघड डोळे दुसरीला. मग तुलना खोटी ठरते.

पहिल्या अभ्यासात टाक्याचे जुने ऑपरेशन आणि बिनटाक्याचे, अशी तुलना झाली. ४० ते ९० वर्षे वयाचे ७४१ रुग्ण आणि आठ सर्जन. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकनेत्रसेवेच्या कामातच हा अभ्यास झाला, म्हणजे रुग्ण आपल्यासारखेच. सहा आठवड्यांनी ७०६ जण तपासणीला परत आले. शंभरात पंचाण्णव! खेड्यातली, बसच्या पैशाला महाग असलेली माणसे पुन्हा आली नाहीत म्हणून कितीतरी अभ्यास अर्धवट पडतात. इथे ती आली. दोन्ही पद्धतींत गंभीर बिघाडाचे प्रमाण सारखेच निघाले, आणि बिनटाक्याच्या पद्धतीत चष्म्याविना दिसणारे जास्त निघाले. खर्च दोन्हींना सारखाच, रुग्णालयाला एका डोळ्यामागे सुमारे सातशे-सव्वासातशे रुपये. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले.

दुसरा अभ्यास आपल्या मूळ प्रश्नाचा, म्हणजे मशीनचे की हाताचे. यात ४०० डोळे, चार सर्जन. २००५ साली तो अमेरिकेच्या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात छापला गेला. नजर मोजण्याची खूण होती ६/१८, म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर अठरा मीटरवरून वाचता येते ते रुग्णाला सहा मीटरवरून वाचता यावे. एवढ्या नजरेत माणूस आपली सगळी कामे करतो, रस्त्याने एकटा फिरतो. सहा आठवड्यांनी चष्म्याविना एवढे दिसणारे मशीनच्या गटात १८५ पैकी १५० होते, हाताच्या गटात १८७ पैकी १३३. म्हणजे ८१ टक्के आणि ७१ टक्के. मशीन दहा पावले पुढे. हे लपवण्याचे कारण नाही.

मग डोळ्याला योग्य नंबरची काच लावून मोजले. मशीनच्या गटात १८५ पैकी १८२. हाताच्या गटात १८७ पैकी १८४. दोन्हीकडे ९८.४ टक्के.

वाचकहो, हे आकडे पुन्हा एकदा वाचा. दहा टक्क्यांचा फरक काचेच्या एका जोडीने पुसून टाकला. आणि खर्च? त्याच मंडळींनी २००७ साली हिशेब छापला. रुग्णालयाला मशीनच्या एका ऑपरेशनचा खर्च ४२.१० डॉलर, हाताच्या ऑपरेशनचा १५.३४ डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे एकोणीसशे आणि सातशे रुपये. त्याच वर्षी नेपाळचा अभ्यासही आला. तिथे हाताची पद्धत करणारे डॉ. संदुक रुईत आणि मशीन चालवणारे कॅलिफोर्नियाचे डॉ. डेव्हिड चँग, दोघेही आपापल्या कामात उस्ताद. रुग्ण १०८. हाताच्या ऑपरेशनला सरासरी नऊ मिनिटे, मशीनच्या ऑपरेशनला साडेपंधरा. सहा महिन्यांनी चष्म्याविना कामापुरते दिसणारे हाताचे ८९ टक्के, मशीनचे ८५. पिकून कडक झालेला मणी मशीनने फोडणे जिकिरीचे असते, हाताने तो सरळ सरकवून काढता येतो; आणि आपली माणसे दवाखान्यात पोहोचतात ती बहुधा मणी पिकल्यावरच. तेव्हा "शिबिरातले ते गरिबासाठी काढलेले" हे वाक्य अर्धे खरे आहे. गरिबांच्या डोळ्यांवर ते पारखले गेले, आणि पारखून खरे उतरले.

पण या आकड्यांत एक मेख आहे, आणि आमच्या मते आपल्या घरांच्या दृष्टीने सगळे तिथेच आहे. पहिल्या अभ्यासातला बिनटाक्याचा गट पाहा. ३४४ रुग्ण. चष्म्याविना नीट दिसणारे १६५, म्हणजे निम्म्याहून कमी. काच लावल्यावर नीट दिसणारे ३०९. यांची वजाबाकी केली तर १४४ उरतात. या १४४ माणसांचे ऑपरेशन यशस्वी होते, लेन्स जागेवर होती, जखम भरली होती. तरी त्यांची नजर चष्म्याच्या काचेत अडकलेली होती. त्यांना चष्मा मिळाला नसता तर गावात जाऊन त्यांनी काय सांगितले असते? "ऑपरेशन केले, काही उपयोग नाही." आणि ते ऐकून आणखी चार जणांनी जायचे टाळले असते.

असे का होते? बुबुळावरची पारदर्शक काच घुमटासारखी गोल असते. शेजारी छेद घेतला की भरून येताना ती थोडी ओढली जाते, घुमट एका बाजूने चपटतो आणि अक्षर फाटल्यासारखे दिसते. छेद जितका मोठा तितकी ओढ जास्त. म्हणूनच मशीन चष्म्याविना पुढे जाते. जखम आवळून स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. त्याआधी काढलेला नंबर टिकत नाही. शिवाय बसवलेली साधी लेन्स एकाच अंतराला नेम धरते, बहुतेक दूरच्या. तांदळातले खडे, सुईचे नाके, रेशनकार्डावरचे नाव, औषधाच्या बाटलीवरची तारीख यांना जवळचा चष्मा लागतोच, मग ऑपरेशन हजाराचे असो की पन्नास हजारांचे. लेन्सचा नंबर काढायला डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजावी लागते. एके काळी कित्येक शिबिरांत सर्वांना एकाच नंबरची लेन्स बसवून मोकळे होत. आज "डोळ्याचे माप घेतले का?" एवढे विचारायला कोणाची भीड धरण्याचे कारण नाही.

भीतीची दुसरी बाजूही झाकून ठेवणार नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये मध्य प्रदेशातल्या बडवानीच्या सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची ऑपरेशने झाली आणि जंतुसंसर्गाने अनेक वृद्धांची दृष्टी कायमची गेली. अशा बातम्या वाचल्यावर मुलाचा हात आईला पाठवायला धजत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण असा संसर्ग हाताच्या पद्धतीमुळे येत नाही. तो येतो दूषित द्रावणातून, नीट न उकळलेल्या हत्यारांतून, घाईतून. मशीनलाही येऊ शकतो. आणि त्यावरही संशोधन थांबलेले नाही. अरविंद रुग्णालयांनी सहा लाखांवर ऑपरेशनांचा हिशेब २०१७ साली छापला. ऑपरेशन संपताना मॉक्सिफ्लॉक्सॅसिन नावाचे जंतुनाशक डोळ्याच्या आत सोडल्यावर संसर्गाचे प्रमाण दहा हजारांत सातवरून दोनवर आले. हे औषध महागडे नाही. म्हणून ऑपरेशन मंडपात, शाळेच्या वर्गात नव्हे, तर रुग्णालयाच्या खोलीतच व्हायला हवे, आणि गावात फक्त तपासणी व्हावी. पट्टी काढल्यानंतर डोळा ठणकू लागला, लाल झाला, आलेली नजर पुन्हा अंधुक झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, ऑपरेशन केलेल्या ठिकाणी जायचे. "उद्या बघू" म्हणण्यात डोळा जातो.

इतके झाल्यावर आपल्या पाथर्डीकडे परत येऊ. कारण इथे एक अडचण अशी आहे की ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकात सापडणार नाही.

आपल्याकडे घट्ट समजूत आहे, की डोळ्याचे ऑपरेशन थंडीतच करावे; उन्हाळ्या-पावसाळ्यात डोळा पिकतो. मोठी जखम, टाके, आठ-पंधरा दिवस पडून राहणे, मंडपातली धूळ आणि घाम अशी जेव्हा परिस्थिती होती, तेव्हा या समजुतीत तथ्य असेल. शिबिरेही हिवाळ्यात भरत. पण थंडी म्हणजेच ऊसतोडीचा हंगाम. आईला दवाखान्यात न्यायचे त्या मुला-सुनेच्या हाती तेव्हा कुठल्यातरी फडात कोयता असतो. समजा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, महिला मंडळाच्या बायांनी आजीला डिसेंबरात शिबिराच्या गाडीत बसवून दिले आणि ऑपरेशन झालेही. सहावा आठवडा येतो जानेवारीच्या अखेरीस. मुलगा अजून फडातच. गाडी पहिल्या वेळी न्यायला येते, चष्म्यासाठी बहुधा येत नाही. आजी जात नाही. आणि ती त्या १४४ जणांतली निघाली तर?

ऋतूचा आणि संसर्गाचा संबंध राहिलेला नाही. बंद खोलीत, टाक्याविना होणारे ऑपरेशन बारा महिने होते. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचेही कारण उरलेले नाही. ती गरज अख्खा मणी ओढून काढण्याच्या काळातली होती. उलट फार पिकला तर मणी फुगतो किंवा आतल्या आत पाझरतो, डोळ्यातला दाब वाढतो, डोळा लाल होऊन असह्य दुखतो आणि मागची नस कायमची मरते. मग लेन्स बसवूनही उजेड येत नाही. काचबिंदू आणि साखरेमुळे बिघडलेला पडदा हे वेगळे आजार आहेत, तेही याच तपासणीत कळतात.

तेव्हा जोडपी कारखान्यावरून परतली, की एप्रिल-मेपासूनच आईला पाथर्डीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे, किंवा नगरच्या जिल्हा रुग्णालयात. (अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ साली झाले, पण एस.टी.त बसताना आपण नगरच म्हणतो.) सरकारी कार्यक्रमात ऑपरेशन आणि लेन्स यांना पैसे पडत नाहीत. आधारकार्ड, रेशनकार्ड, चालू असलेली रक्तदाबाची व साखरेची औषधे सोबत न्यावीत. एका डोळ्याचे ऑपरेशन जूनमध्ये झाले तर सहावा आठवडा जुलै-ऑगस्टमध्ये येतो. दुसऱ्या डोळ्याचे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात झाले, तर त्याचाही चष्मा सप्टेंबरच्या अखेरीस हातात पडतो. मुकादमाची गाडी बहुधा त्यानंतर येते.

घरी परतताना जे कार्ड देतात, त्यावर थेंब किती वेळा घालायचे ते लिहिलेले असते. पुन्हा येण्याच्या तारखाही असतात. पहिली तारीख आठवड्याची, ती सहसा कोणी चुकवत नाही. सहा आठवड्यांची तारीख लिहिलेली नसेल तर तिथल्या तिथे लिहून घ्यावी, आणि चष्मा तिथेच मिळणार की बाहेरून करावा लागणार, हेही त्याच वेळी विचारावे. ती तारीख नातीला सांगून ठेवली तरी चालेल. तिला वाचता येते, आणि दिवस मोजण्यात तिचा स्वतःचा फायदा आहे.